लंडन सहलीच्या मैत्रिणींसाठी सूचना: पेपर स्प्रे घरीच ठेवा

नमस्कार मैत्रिणींनो,

बॅगा भरायला घेतल्या असतील, म्हणून आजच लिहिते. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या किल्ल्यांच्या जुडग्याला मिरचीच्या फवाऱ्याची छोटी लाल डबी असते. रात्री उशिरा लोकलने येताना तिचा आधार वाटतो, हे मी जाणते. पण ब्रिटनमध्ये ती चालत नाही. तिथल्या १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५ नुसार असा फवारा प्रतिबंधित शस्त्र ठरतो, म्हणजे तो बंदुकीच्याच कायद्यात येतो! विजेचा झटका देणारी स्टन गनही त्यातच. आपण पाहुण्या आहोत, भारतात हे खुलेआम मिळतं, ही सबब तिथे चालत नाही. अटक होऊ शकते.

फळं कापायच्या चाकूचंही सांगते. पातं ३ इंचांपर्यंतचं, घडीचं आणि उघडल्यावर लॉक न होणारं असेल तरच सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येतं. मात्र 'स्वसंरक्षणासाठी ठेवलाय' असं म्हटलंत, तर तोही गुन्हा. हेतू शस्त्राचा असला की साधी वस्तूसुद्धा शस्त्र धरली जाते.

मग जवळ काय ठेवायचं? पिन ओढली की कर्कश वाजणारा पर्सनल अलार्म. तो पूर्णपणे कायदेशीर आहे. पोलिसांचा नंबर ९९९, आत्ताच फोनमध्ये साठवा.

आज रात्री पर्सचा प्रत्येक कप्पा उलटा करून बघा, आतल्या चेनचासुद्धा. बघून झालं की ग्रुपवर 'झालं' एवढं लिहा.