गल्ल्यावरच्या ताईंना, शेवटी ओढलेल्या एका रेघेबद्दल

कोएंजीच्या तळघरातल्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनच लिहितोय. जपानीत आभार मानायचे शब्द मला येतात, जरा जास्तच येतात. ऑफिसात दिवसातून वीस वेळा ते तोंडातून निघतात, म्हणून तुमच्यासाठी ते वापरवत नाहीत. तुमच्या लाइव्ह हाऊसमध्ये, म्हणजे बँड वाजतात त्या छोट्या तळघरात, शो संपला की ‘ओत्सुकारेसामा देशिता’ (श्रम घेतलेत, एवढाच अर्थ) म्हणत वाकतो आणि जिना चढून निघून येतो. इतक्या वर्षांत तुमचं नावसुद्धा विचारलेलं नाही. बँडवाली पोरं तुम्हाला ‘ओनेएसान’ म्हणतात, त्याचा अर्थ ताईच. म्हणून मीही ताईच म्हणतो. आणि इथे, सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तोक्योत राहणाऱ्या आपल्या चार माणसांनी तरी तो जिना उतरून बघावा असं मनात आहे.

मी पहिल्यांदा आलो तो २०१८ च्या नोव्हेंबरातला शनिवार. तोक्योला येऊन चार महिने झाले होते. राहायला निशी-कसाई, म्हणजे लिफ्टमध्ये मराठी, दुकानात तूरडाळ, आणि खोलीत एकटा. थंडीला जाड कोट हवा होता. जुने कपडे घ्यायचे तर कोएंजीला जा, असं कोणीतरी सांगितलं. शिंजुकूला नारिंगी पट्ट्याच्या जलद गाडीत बसलो. ती शनिवार-रविवारी कोएंजीला थांबतच नाही, हे मला काय माहीत! डोळ्यांदेखत स्टेशन मागे गेलं आणि मी ओगिकुबोला उतरलो. पिवळ्या पट्ट्याच्या गाडीने परत येईपर्यंत दुकानांची शटरं खाली यायला लागली होती. (निशी-कसाईहून तोझाई लाइनची मिताकाला जाणारी गाडी थेट कोएंजीवरून जाते, एकदाही न बदलता. हे कळायला मला पुढे सहा महिने लागले.)

तर कोट नाही, पोटात भूक, आणि एका अरुंद जिन्यातून पायाला जाणवेल असा बेसचा ठोका वर येत होता. दारात खडूने लिहिलेली पाटी होती. चार नावं, मला त्यातलं एकही वाचता येईना. खाली उतरलो तर टेबलापाशी तुम्ही. तुम्ही विचारलंत, “आज कोणाला बघायला आलात?”

मला वाटलं, चौकशी चाललीय. मिरजेत वाढलेला माणूस मी. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं चालतं तेव्हा आवारात जागा मिळेल तिथे बैठक मारायची, एवढीच मला सवय. कोणाला ऐकायला आलास असं तिथे कोणी विचारत नाही. मी म्हणालो, “कोणालाच नाही.” मागे उभा असलेला मुलगा खुदकन हसला. तुम्ही हसला नाहीत. समोरचा कागद माझ्याकडे फिरवलात. चार बँडांची चार नावं, आणि प्रत्येकाखाली 正 हे अक्षर, कुठे पुरं, कुठे अर्धवट. आपण चार उभ्या काड्या मारून पाचवी आडवी ओढतो, तशी तुमच्याकडे या अक्षराच्या पाच रेघांनी मोजणी होते. मग हातवारे करत, अगदी सावकाश तुम्ही सांगितलंत: आधी चौघांना ऐका, जाताना मला सांगा, मग रेघ ओढू. आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक ठिपका दिलात. तो ठिपका म्हणजे मी.

त्या रेघेला किती वजन असतं, हे त्या दिवशी कळलं नाही. पुढे एका बेसवाल्याने सांगितलं. छोट्या लाइव्ह हाऊसमध्ये बहुतेक ठिकाणी बँडला ‘नोरुमा’ असतो, म्हणजे ठरलेली तिकिटं त्यांनी खपवायचीच. समजा १५ तिकिटं, २,००० येनची. त्यांच्या नावावर दहाच माणसं आली, तर उरलेल्या पाचांचे १०,००० येन बँडने खिशातून भरायचे. ठरलेला आकडा ओलांडला तर वरच्या प्रत्येक तिकिटातला काही हिस्सा त्यांना परत. म्हणजे दारात विचारलेला तो प्रश्न हा सरळ हिशेबाचा प्रश्न. माझ्यासारखा कोणी ‘असाच आलोय’ म्हणाला की त्याची रेघ कोणाच्याच खात्यावर पडत नाही. रात्रपाळीला किराणा दुकानात उभं राहून, त्या पगारातून अर्ध्या तासाचं स्टेज विकत घेणाऱ्या मुलांना एक रेघ किती लागते, ते तुम्ही रोज बघता.

खरं सांगू? ही पद्धत मला आजही पटत नाही. वाजवणाऱ्यानेच पैसे मोजायचे, हे कसलं? एकदा मोडक्यातोडक्या जपानीत तुमच्याशी वाददेखील घातला. तुम्ही छताकडे बोट दाखवून एकच शब्द बोललात, “याचिन.” भाडं. मग ध्वनियंत्रणेपाशी बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलंत, मग दिव्यांकडे. मी गप्प बसलो. पटलं नाही, पण गप्प बसलो.

पहिल्या दिवशीचा दुसरा घोटाळा पेयाचा. तिकिटावर आणखी ५०० येन, पेयाचे, सक्तीचे. “मला काही प्यायचं नाही,” असं म्हणून मी पाकीट मिटलं होतं. मनात आलं, इथेही लुबाडतात! पुढे उलगडा झाला की अशा जागांचा परवाना बहुधा उपाहारगृहाचा असतो. नाट्यगृहाचे नियम आणि खर्च त्या तळघरांना झेपणारे नाहीत. परवाना खाण्यापिण्याचा, म्हणून काहीतरी विकलं गेलंच पाहिजे. तुम्ही एवढं समजावत बसला नाहीत. प्लास्टिकचं तिकीट माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, “ऊलाँगचा. चहा.” ‘चहा’ म्हटल्यावर विरोध करणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. (तो चहा थंड आणि बिनसाखरेचा निघाला, ही गोष्ट वेगळी.)

आत वीसेक माणसं. त्यांतली निम्मी दुसऱ्या बँडांतली, हे नंतर लक्षात आलं. कोपऱ्यात रोलंडचा जेसी-१२० अँप्लिफायर होता. आता मला माहीत आहे की असलं कुठलंही तळघर गाठलं की तो तिथे असतोच, देवळात भजनाची पेटी असावी तसा. त्यामुळे गिटारवाला गिटार आणि पायाखालची पेडलं एवढंच घेऊन लोकलने येऊ शकतो. दुपारची तालीम उलट्या क्रमाने होते, शेवटी वाजवणारे आधी, म्हणजे पहिल्या बँडची मांडणी तशीच राहते आणि पडदा उघडताच सुरुवात. प्रत्येकाला अर्धा तास, मध्ये पंधराएक मिनिटांची आवराआवर.

पहिला बँड भयंकर होता. दुसरा बरा. तिसऱ्यात तिघंच होती. ड्रमवर एक किडकिडीत मुलगी, आणि तिचा ठेका असा की माझी मान माझ्या परवानगीशिवाय हलायला लागली. शब्द एकही कळला नाही. शेवटचं गाणं संपल्यावर तिने टॉवेलने झांजा पुसल्या, स्वतःचा पसारा स्वतः गुंडाळला, वाकून नमस्कार केला आणि पाचव्या मिनिटाला ती माझ्या शेजारी उभी राहून चौथा बँड ऐकत होती, घामाने भिजलेली. आपलं झालं की गाडी काढून निघून जाणारे कलाकार मी पुष्कळ पाहिलेत. इथे मात्र जो वाजवतो तोच थांबून दुसऱ्याचं ऐकतो.

निघताना मी म्हणालो, “तिसरा.” त्यांच्या नावाखाली तीनच रेघा होत्या. तुम्ही माझा ठिपका खोडलात आणि चौथी रेघ ओढलीत, 正 मधली डावीकडची ती छोटी उभी रेघ. मग कागद उचलून मला दाखवलात. पायाची पाचवी रेघ अजून ओढायची बाकी होती. पुढच्या महिन्यात मी त्याच तिघांसाठी परत आलो. तेव्हा तुम्ही विचारायच्या आत मी नाव सांगितलं.

दुसरे आभार त्या ‘वाह’बद्दल. तिसरी की चौथी खेप होती. एक मुलगा एकटाच गिटार घेऊन गात होता, खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. त्याने एक सूर असा काही वळवून आणला की माझ्या तोंडून खणखणीत ‘वाह!’ निघून गेलं. सगळी खोली वळून बघायला लागली. तुमच्याकडे हाताची घडी घालून, डोळे मिटून ऐकणं ही दाद. गाण्याच्या मध्ये ओरडणं म्हणजे… काय म्हणजे, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलंच. मी पार ओशाळलो. बाहेर पळायला निघालो तर तुम्ही टेबलाआडून उठून त्या गायकालाच माझ्यासमोर आणून उभं केलंत. “हे त्यांच्या देशात चांगल्या गाण्याला म्हणतात,” असं तुम्ही त्याला सांगितलंत. मी तुम्हाला हे कधी सांगितलं होतं? कधीच नाही. तुम्ही अंदाजाने ओळखलंत. तो पोरगा कानापर्यंत लाल झाला, आणि आता मी दिसलो की स्टेजवरून आधी माझ्याकडेच बघतो.

त्याच रात्री एका जाहिरातीच्या कागदामागे तुम्ही मला तीन नावं लिहून दिलीत. ‘ओरडायचं असेल तर इथे जा’ म्हणून पहिलं जिरोकिची. कोएंजीतलंच, १९७५ पासूनचं ब्लूज आणि जॅझचं तळघर. तिथे खरोखरच लोक वाजवणाऱ्याला मध्येच हाक घालतात, मिरजेत बसल्यासारखं वाटलं. दुसरं हिगाशी-कोएंजीचं यूएफओ क्लब, १९९६ चं. तिथल्या लाल भिंती आणि तिथला आवाज मला दोन तासांच्या वर झेपत नाहीत, माफ करा. तिसरं शिंजुकूचं पिट इन, जॅझची १९६५ सालापासूनची जागा. तिथे दुपारचेही कार्यक्रम होतात, नव्या वादकांचे, संध्याकाळपेक्षा स्वस्तात. तुम्ही त्या नावापुढे सूर्याचं चित्र काढलं होतंत. ते नसतं तर मला दुपारचं कळलंच नसतं. तुमच्या स्वतःच्या जागेत गर्दी नसताना गिऱ्हाइकाला दुसऱ्यांचे पत्ते लिहून देणारी दुकानदारीण मी दुसरी पाहिलेली नाही.

मग २०२० आलं. फेब्रुवारीच्या शेवटी ओसाकातल्या लाइव्ह हाऊसांमधून साथ पसरल्याच्या बातम्या आल्या आणि टीव्हीवर ‘लाइव्ह हाऊस’ हा शब्द रोगाच्या नावासारखा उच्चारला जायला लागला. ऑफिसात मी तिथे जातो हे सांगायची सोय राहिली नाही. तुमच्या जिन्याला साखळी लागली. मग तुम्ही लोकांनी पुढे कधीतरी वापरायची पेयाची तिकिटं आगाऊ विकायला काढलीत. मी दहा घेतली. पाकिटात तुमच्या हातची चिठ्ठी होती, त्यावर फक्त माझ्या चष्म्याचं चित्र. नाव तुम्हालाही माहीत नव्हतं ना!

पुन्हा उघडलंत तेव्हा जमिनीवर चिकटपट्टीचे चौकोन, तोंडाला मास्क, आणि भिंतीवर सूचना: ओरडू नये. ती सूचना उतरायला २०२३ उजाडलं. एवढा काळ त्या गिटारवाल्याला मी दाद कशी द्यायची? तुम्हीच शक्कल काढलीत. तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर माझ्याकडून देवनागरीत ‘वाह’ लिहून घेतलंत आणि तो टेबलावर ठेवलात. सूर लागला की मी तो वर धरायचो. नंतर नंतर माझ्या शेजारची माणसंही तो मागून घ्यायला लागली. काय लिहिलंय हे त्यांना कुठे ठाऊक होतं! उलटा धरायचे बिचारे.

त्या दहांपैकी एक तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे. नऊ चहात गेली. दहावं राखून ठेवलंय.

पुढच्या महिन्यात माझे बाबा मिरजेहून येतायत. वय ७१, पोस्टातून निवृत्त, भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना फुजी दाखवायचाय, आसाकुसा दाखवायचंय, आणि एका शनिवारी, पिवळ्या पट्ट्याच्या गाडीने, तुमच्याकडे आणायचंय. जिना उतरताना त्यांना वेळ लागेल. आत ते नक्की कानावर हात ठेवतील आणि जेसी-१२० कडे बघून “ही पेटी कुठल्या सुराची?” असं विचारतील. राखलेल्या तिकिटाचा चहा त्यांना द्या. साखर आम्ही घेऊन येऊ.

आणि तुम्ही नेहमीप्रमाणे विचाराल, कोणाला बघायला आलात. माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे, ती तिघं असतील तर तीच. बाबांना मात्र कोणीच माहीत नाही. त्यांचा ठिपका द्या आणि रेघ शेवटी ओढा.

तुमचा,
चष्मेवाला
निशी-कसाई, तोक्यो