बाबा, पोरांना नुसती खेळवत नाही हो मी

आई, बाबा,

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत ना, शिकवतेस की नुसती पोरं खेळवतेस, नेमकी तेव्हाच रेंज गेली, म्हणून आता लिहूनच सांगते.

शाळेत दोन शिक्षक, चार वर्ग. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, त्यामुळे फळ्यावर लिहिलंय ते उतरवून घ्या हे चालतच नाही, एका गटाच्या हातात काहीतरी असेल तरच दुसऱ्याकडे बघता येतं. म्हणून काड्या. दहा काड्यांना रबर लावला की दशक, सुट्ट्या ते एकक. 42 मधून 17 काढायचे तर दुसरीतली पोरगी सुट्ट्या दोनच आहेत म्हणून माझ्या तोंडाकडे बघते, मी गप्प (हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड), मग तीच एका गठ्ठ्याचा रबर सोडते, बारा सुट्ट्या होतात, त्यातल्या सात बाजूला करते आणि शेजारणीला सांगते, माझे तीनच गठ्ठे राहिले गं आता. तुम्ही मला शेजारून एक उसना घे म्हणायचात, मी घ्यायचे, त्या एकाचे दहा कसे होतात कधी विचारलंच नाही.

आणि हे काय आजचं फॅड नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 ला डहाणूजवळच्या बोर्डीत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला, तिथे पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य.

आई, तू डिसले गुरुजींचं विचारत होतीस. परितेवाडीच्या झेडपी शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, भारीच काम आहे ते. पण माझ्या बऱ्याच पोरांच्या घरी एकच मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर जातो, मग स्कॅन करणार कशावर? मी माझाच फोन वर्गात वापरते, त्यांचं वाचन रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवते. वाचायला टाळाटाळ करणारा एकजण स्वतःचा आवाज ऐकून म्हणतो, मॅडम परत घ्या, इथे अडकलो.

रंगवलेल्या भिंतींचं मात्र मला फार कौतुक नाही. अर्धे तक्ते पोरांचा हात पोचत नाही इतक्या वर असतात, ते बघायला येणाऱ्यांसाठीच.

बरं, जुनी कॅलेंडरं रद्दीत टाकू नका, तारखा कापून अंककार्डं करायचीत. मोठ्या आकड्यांची असतील ती आधी बाजूला काढा, आले की घेऊन जाईन.

तुमची लेक