सुकं वजन

गावभाग, सांगली
रविवार, २१ जुलै २०२४

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू जे बोललास त्यावर मी गप्प झालो आणि फोन ठेवला. रेंज गेली असं तुला वाटलं असेल. रेंज नव्हती गेली. "अव्या, माझी एक घे की, दोन आहेत माझ्याकडं," हे तू अशा सुरात म्हणालास, की शाळेत डब्यातली पोळी पुढं करायचास तोच सूर. मला काही सुचेना. म्हणून हे पत्र. फोनवर मी कशालाही हो म्हणून टाकतो. कागदावर मात्र दिवाणजीचा हात आहे, खोटं उतरत नाही.

उत्तर आधीच लिहितो, म्हणजे बाकीचं तू नीट वाचशील. नको. तुझी किडनी मी घेणार नाही. कारणं पुढं येतील, पण त्याआधी माझं काय चाललंय ते तुला कळू दे. पाच वर्षांत "कसा आहेस" आणि "बरा आहे" यापलीकडं आपण गेलेलोच नाही. चूक माझी आहे, मीच विषय बदलायचो.

मंगळवार, गुरुवार, शनिवार हे माझे डायलिसिसचे वार, म्हणजे किडन्यांचं काम मशीनकडून करून घ्यायचे. सकाळी सातच्या शिफ्टला मिरजेत पोचायचं. गेल्या गेल्या काट्यावर. बत्तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची पोती काट्यावर घातली, आता आठवड्यातून तीनदा सिस्टर मला घालतात. माझं सुकं वजन ५८ किलो. तिथं त्याला ड्राय वेट म्हणतात, अंगात फाजील पाणी नसतानाचं वजन. काल भरलो ६०.६. गुरुवारपासून एवढं पाणी साठलं, कारण त्याला बाहेर जायला वाट नाही. मग टेक्निशियन विचारतो, "काका, आज अडीच काढायचं का?" हळदीत ओल निघाली की मी शेतकऱ्याच्या वजनात घट धरायचो आणि तो माझ्याशी तास तास हुज्जत घालायचा. मी पण घालतो. "अडीच नको, सव्वादोनच काढ, परवा पायात गोळे आले होते."

पाणी जास्त ओढलं की तसंच होतं. पोटरीत गोळा येतो, बीपी खाली जातं, डोळ्यांपुढं अंधारी येते. मग पाय वर, डोकं खाली, सलाइन थोडं आत. म्हणजे काढलेलं परत भरायचं. सौदा मोडल्यासारखं वाटतं.

सुया दोन. डाव्या मनगटाच्या वर धमनी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडली आहे, फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगावी म्हणून दोन महिने रबरी चेंडू दाबत बसलो होतो. आता दोरखंडासारखी वर आली आहे. बोट ठेवलं की आत घरघर लागते, दोन गल्ल्या पलीकडं पिठाची गिरणी चालू असावी तशी. हात उशाखाली गेला तर कानाला ऐकू येते. सुरुवातीला झोप लागायची नाही. आता उलटं झालंय, झोपण्याआधी बोट लावून बघतो, गिरणी चालू आहे ना. बंद पडली तर पुन्हा ऑपरेशन. त्या हातानं पिशवी उचलायची नाही, त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही. घड्याळसुद्धा उजव्या हातात गेलं. तू लग्नात दिलेलं तेच.

काल ७९६ वी खेप होती. हो, वहीत लिहून ठेवतो, तू हसशील माहीत आहे.

एका सुईतून रक्त बाहेर येतं आणि एका नळकांड्यात जातं. त्यात केसासारख्या हजारो पोकळ नळ्या. रक्त आतून वाहतं, पाणी बाहेरून, आणि घाण मधल्या पडद्यातून पाण्यात उतरते. साफ झालेलं रक्त दुसऱ्या सुईनं परत. मिनिटाला २५०–३०० मिली, असं चार तास. आणि ऐक, त्या चार तासांत माझ्या एकट्यासाठी साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. मला स्वतःला दिवसाला प्यायला किती, तर ७०० मिली. चहा, आमटी, ताक सगळं धरून. हिनं त्यासाठी एक युक्ती काढली आहे. सकाळी बाटलीत मापून ७०० भरते. मी वाटीभर आमटी घेतली की वाटीभर पाणी बाटलीतून तुळशीला. संध्याकाळी बाटलीत काय उरलंय ते बघून मी गोळ्या घेतो. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळतो. तहान काय असते ते मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं, तेही कृष्णाकाठी राहून.

२०१९ चा पूर तुला टीव्हीवर दिसला असेल. मला डायलिसिस लागून पाचच महिने झाले होते. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. दारात पाणी, जिन्यात पाणी, आणि मी माडीवर कोरड्या जिभेनं बसलेलो. बोट आली तोवर आधीच्या डायलिसिसला पाच दिवस झाले होते. पाय सुजून खांब झालेले, आडवं पडलं की धाप लागायची. बोटीतल्या पोरानं मायेनं पाण्याची बाटली पुढं केली, "काका, प्या." मी हातानं मागं सारली. तो हिला म्हणाला, "काकांना धक्का बसलाय वाटतं." आज लिहिताना हसू येतंय. त्या दिवशी बोटीत मी रडलो होतो, हे फक्त हिला माहीत आहे. आताही वर कोयनेला पाऊस लागलाय. पुलाच्या पट्टीवर आमची नजर असते. यंदा पाणी चढायला लागलं तर आधीच मिरजेला मेहुण्याकडं जाऊन राहायचं ठरवलंय.

बुधवारी आषाढी झाली. आमच्याकडं एकादशी दुप्पट खाशी चालतं हे तुला ठाऊक आहे. आता उपवासाचं ताट बघ: बटाटा, रताळं, केळं, दाण्याची आमटी, खजूर, वर ओलं खोबरं. सगळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं. माझ्या अंगातून ते बाहेर पडत नाही, आणि फार वाढलं तर दुखत नाही, खुपत नाही, थेट काळीजच थांबतं. म्हणजे ज्या दिवशी अख्खा गाव पुण्य कमावतो त्या दिवशी मी भगर खाऊन गप्प बसायचं. एरवी ही बटाटा चिरून, भिजवून, उकडून ते पाणी फेकते आणि मग भाजी करते. चव पाण्याबरोबर जाते. गुपचूप कमी सोडियमचं मीठ आणून बघितलं, तर डॉक्टर ओरडले. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी बाईमाणसांसमोर सांगता येत नाही. लघवी बंद झाली आहे. दुसऱ्या वर्षी कमी होत होत थांबली. भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेलो, शुक्रवारी पहाटे निघून रात्री परत, कारण शनिवार चुकवून चालत नाही. आंबा घाटात गाडी थांबली आणि सगळे पुरुष रस्त्याच्या कडेला रांगेनं उभे राहिले. मी गाडीतच बसून. दिग्या, आपण पन्हाळ्याच्या तटावर लांबपर्यंत कोणाची जाते म्हणून पैजा लावायचो ते आठवलं. माणसाला कशाकशाची आठवण येईल काही नेम नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मग भाऊजी आत आले, "अविनाशराव, तुम्हाला नाही का जायचं?" म्हटलं, घरून जाऊन आलोय.

पैशाची काळजी तू विचारली होतीस. केशरी रेशनकार्ड आहे, महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, त्यामुळं ते निभावतंय. रक्तवाढीची इंजेक्शनं, तपासण्या, रिक्षा असा वरचा खर्च असतो. शेठजी पगार कापत नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पेढीवर जातो, सौद्याला उभा राहत नाही, बसून हिशेब करतो. डायलिसिसच्या दिवशी दुपारनंतर मात्र मी कोणाच्याच उपयोगाचा नसतो. पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा पडून राहतो.

बाबा जयप्रकाशजींची गोष्ट सांगायचे. आणीबाणीत तुरुंगात असताना त्यांच्या किडन्या गेल्या आणि मग मुंबईला जसलोकमध्ये डायलिसिसवर होते. मशीन घ्यायला लोकांनी वर्गणी काढली होती, बाबांनीही त्यात एक रुपया घातला होता. ऑक्टोबर १९७९ मध्ये जेपी गेले, तोपर्यंत त्या मशीनच्या आधारावर. बेडवर पडल्या पडल्या मी हे बरेचदा मनात आणतो. त्या काळी देशाच्या नेत्यासाठी लोकांना वर्गणी काढावी लागली, आणि आज हळदीच्या पेढीवरचा दिवाणजी रेशनकार्ड दाखवून मशीनवर झोपतो. बाबांचा रुपया फिटला म्हणायचा.

शेजारच्या बेडवर तासगावकडचे एक आप्पा असायचे, द्राक्षबागायतदार. सिस्टरांसाठी बेदाण्याची पुडी आणायचे आणि स्वतः एक दाणा तोंडात टाकायचे नाहीत. द्राक्षं चार चालतात, बेदाणा नाही. "आयुष्यभर ह्याच्यावरच जगलो आणि आता हाच वैरी," म्हणायचे. शनिवार ते मंगळवार हे अंतर आमच्यासाठी सगळ्यात वाईट, मधे दोन दिवस मोकळे जातात. फेब्रुवारीत एका मंगळवारी त्यांचा बेड रिकामा होता. सिस्टर एवढंच म्हणाली, "आज आप्पा आले नाहीत." कोणी काही विचारलं नाही. गुरुवारी त्या बेडवर तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा होता.

आता तुझ्याबद्दल. माझं हे एका दिवसात झालेलं नाही. २०१२ मध्ये यार्डातल्या शिबिरात बीपी १७०/११० निघालं. वर्षभर गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, बंद केल्या. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, कशाला घ्यायच्या? २०१७ ला क्रिएटिनीन, म्हणजे किडनीनं न काढलेल्या घाणीचं रक्तातलं माप, २.४. तेव्हा एकाच्या सांगण्यावरून काढा घेतला, सात महिने. २०१९ च्या मार्चमध्ये ९ झालं होतं आणि अन्नाच्या वासानं ओकारी यायची. तर, फोनवर तू बोलता बोलता सांगितलंस की गुडघ्यासाठी दोन वर्षं रोज दुखण्याची गोळी घेतोयस. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून! अरे, त्याच गोळ्या किडनी खातात. माझ्या शेजारच्या रांगेत दोघं तसेच आलेले आहेत. तू मला द्यायला निघालायस, ती किडनी आधी तुझी तरी धड आहे का बघ. क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रथिन, एवढ्या दोन तपासण्या. बीपी पण.

समज, सगळं चांगलं निघालं. तरी नको. ही द्यायला तयार होती, पण तिला साखर आहे, डॉक्टरांनीच नाही म्हटलं. आई अठ्ठ्याहत्तरची. पोरगी म्हणाली, "बाबा, मी देते," तिला मी पुढं बोलूच दिलं नाही. दादा काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्याचा राग नाही मला, खरंच नाही. म्हणजे अगदीच नाही असंही नाही. पुण्याच्या अवयव प्रत्यारोपण समितीकडं माझं नाव प्रतीक्षायादीत आहे, मेंदूमृत माणसाची मिळाली तर घेईन. मित्राची घ्यायची तर १९९४ च्या कायद्यानं वेगळ्या समितीपुढं उभं राहावं लागतं, पैशाचा व्यवहार नाही, केवळ जिव्हाळ्यापोटी देतोय हे दाखवावं लागतं. तू तिथं काय दाखवणार? दहावीच्या सहलीचा फोटो?

पण कायद्याचं निमित्त झालं. खरं कारण वेगळं आहे. आमच्या शेठजींचा एक नियम आहे: मित्राला द्यायचं तर खात्यावर न लिहिता द्यायचं. तू न लिहिता देशील, याची मला खात्री आहे. पण मी दिवाणजी आहे, दिग्या. मी लिहून ठेवीन. तुला नाशकात जरा ताप आला तरी मला इथं झोप लागणार नाही. कॅरमला तू क्वीन ढापलीस तर मी बघून न बघितल्यासारखं करीन. तुझ्यावर ओरडता येणार नाही, आणि तुझ्यावर ओरडायला मिळत नाही तर मग राहिलं काय? शिवाय वहिनींना तू अजून विचारलेलं नाहीस, हे तुझ्या हळू आवाजावरूनच कळलं.

तुला द्यायचंच असेल तर चार तास दे. एखाद्या शनिवारी ये. मी सिस्टरना विचारून ठेवलंय, मास्क लावून एकाला स्टुलावर बसू देतात. माझा उजवा हात मोकळा असतो, पत्ते खेळता येतात. पहिल्या तासात मी बोलका असतो, तिसऱ्या तासात चिडका, तेव्हा मनावर घेऊ नकोस. संपल्यावर सुयांच्या जागा दहा मिनिटं दाबून धराव्या लागतात, ते काम तुला देईन. गिरणी पण हात लावून बघ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईनं तुझी चौकशी केली आहे, ती अजून तुला दिगंबर म्हणते.

तुझा,
अव्या

ता. क. येताना शहाळं आणू नकोस. भेटायला येणारा प्रत्येक जण आणतो, आणि तेच मला सगळ्यात वर्ज्य. मागची चार शेजारच्या पोरांनी प्यायली. तुझ्यासाठी भडंग आणून ठेवतो, माझ्यासमोर खाल्लंस तरी चालेल. आणि रिपोर्टचा कागद खिशात घालून ये, तोंडी चालणार नाही.