हयातीचा दाखला : मागील सूचनेतील दुरुस्ती

सोलापुरातील सर्व गिरणी व यंत्रमाग कामगार पेन्शनर सभासदांस,

ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शनधारकांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यावा, असे मागील सूचनेत लिहिले गेले. ते चुकीचे होते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या नियमानुसार हा दाखला वर्षात केव्हाही देता येतो व दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो, त्यामुळे मार्चमध्ये दिलेल्यांनी नोव्हेंबरात उगाच रांगेत उभे राहू नये; पुढचा मार्च मात्र चुकवू नये, नाहीतर पेन्शन थांबते.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या खोलीत दाखले काढून दिले जातील. आधार कार्ड, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, पासबुक आणि आधारशी जोडलेला मोबाइल आणावा. मागावर सूत सांधून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांचा दाखला चेहऱ्यावरूनही निघतो.

— चिटणीस