मिस्त्री, ती एक लादी उचललीत त्याबद्दल

मिस्त्री,

मजुरी दिली, हात जोडले आणि तुम्ही हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दहिसर स्टेशनकडे निघालात. तेवढ्यानं मन भरलं नाही, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितो आहोत.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीची तिसरी रांग पुरी झाली होती. हातोडा उलटा धरून तुम्ही दांड्यानं एकेक शहाबादी ठोकत निघालात. टक, टक, टक. शेवग्याजवळच्या लादीचा एक कोपरा मात्र ढब, म्हणजे पोकळ, वाजला. वरून पाहिलं तर काहीच खोट नव्हती. लेव्हल बरोबर, दर्जा, म्हणजे लाद्यांमधल्या फटी, सरळ. कुणी तक्रार केली नव्हती, केलीही नसती. तुम्ही कडेला पहार घातलीत, २ बाय २ फुटांची, दीड इंच जाड, ३५ किलोंच्या वर वजनाची ती लादी उभी केलीत आणि तिच्या पाठीवरचा तळहाताएवढा कोरडा डाग दाखवलात. तिथं सिमेंट-वाळूचा माल धरलाच नव्हता. खालचा माल खरवडून काढलात, दगडाची पाठ ओल्या ब्रशनं धुतलीत, सिमेंटची रबडी फासलीत आणि नव्या मालावर लादी पुन्हा बसवलीत. "कोपऱ्यावर पाय पडला की डुगडुगली असती," एवढंच म्हणालात.

हे मनाला इतकं का लागलं, ते आधीचं काम पाहिलेल्यालाच कळेल. तुमच्याआधी फरशी घालून गेलेल्या ठेकेदारानं भराव म्हणून विटांचे तुकडे आणि जुनं प्लास्टर ओतलं होतं. असा भराव आतून पोकळ असतो, पाणी मुरलं की जागोजागी बसतो आणि वरची फरशी त्याच्याबरोबर खाली जाते. एकेका लादीखाली मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साठलं आणि जिथं आधार नव्हता तिथंच दगड तडकले. उतार घराकडे. ज्या मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तिथं अंगणाचं पाणी घराकडे वळवणाऱ्याला काय म्हणायचं? त्यात फरशी थेट जोत्याच्या वरच्या कडेपर्यंत चढवलेली, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. आणि जाता जाता सिमेंटचे डाग काढायला ॲसिड! शहाबादी हा चुनखडीचा दगड. कोटा आणि कडप्पाही त्याच जातीचे. ॲसिड पडलं की फेसाळतो, वरचा थर जळतो, पांढुरके चट्टे राहतात. ते कशानंही जात नाहीत, दगड घासून काढावा लागतो.

तुम्ही हे सगळं उखडलंत तेव्हा त्या माणसाबद्दल एक वाईट शब्द काढला नाहीत. १२ बाय १६ फुटांच्या अंगणाला ४ इंच खडीचा थर, म्हणजे ठोकल्यावर ६४ घनफूट. ती दबते म्हणून ८० घनफूट मागवायला लावलीत आणि दोन थरांत, पाणी मारून, धुम्मसनं, म्हणजे जड ठोकणीनं, ठोकून बसवलीत. फरशी जोत्याच्या कडेपासून ६ इंच खाली ठेवलीत. दोरी बांधून १२ फुटांत २ इंच उतार कुंपणाकडच्या चरात काढलात. हातानं कापलेला दगड थोडाफार कमीजास्त असतो, म्हणून दर्जा बोटाच्या जाडीच्या सोडल्यात. कडेला कड भिडवली की त्या भरताच येत नाहीत. बाकीचं कामच सांगतं आहे.

पण खडी, उतार, दर्जा हे मापून बघता येतं. लादीखालचा माल कुणी बघायला जात नाही. एकदा दगड टेकला की तो झाकला गेला, पुढच्या पावसापर्यंत तरी. अशा झाकल्या जाणाऱ्या जागी नीट काम करणारी माणसं या शहरात आहेत, म्हणूनच इथल्या भिंती, गच्च्या आणि गटारं उभी आहेत. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नसतात. दिवस बुडायला आलेला, लोकल पकडायची घाई, आणि तरी पहार हातात घेणं याला सचोटी म्हणतात. बिलात तिच्यासाठी रकाना नसतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ७ दिवस गोणपाट ओलं ठेवलं, दुपारी दोनदा पाणी मारलं. ॲसिडची बाटली घरातून काढून टाकली. फरशी साध्या पाण्यानं आणि खराट्यानं धुतो.

जूनमध्ये पहिली मोठी सर आली. सगळे मागच्या दारात उभे होतो. पाणी भिंतीकडे न येता दर्जांवरून सरकत चरात गेलं, आणि अर्ध्या तासात फरशी कोरडी व्हायला लागली. शेवग्याजवळच्या त्या लादीवरून जाताना आता घरातलं प्रत्येक जण टाचेनं एकदा ठोकून बघतं. भरीव वाजते.