प्रभाराचे चिन्ह कुठे घालायचे, कुठे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आली की वर्तमानपत्रांत सूत्रांच्या चौकटी छापून येतात. स्थिरविद्युतच्या चौकटीत बल, क्षेत्र आणि विभव (पोटेन्शियल) या तिन्ही सूत्रांत प्रभाराला (इलेक्ट्रिक चार्जला) बहुधा एकच अक्षर दिलेले असते. गोंधळ तिथेच सुरू होतो. क्षेत्र निर्माण करणारा प्रभार वेगळा आणि त्या क्षेत्रात बल सोसणारा वेगळा. स्वतःच्याच क्षेत्राचे बल प्रभारावर लागत नाही.

उदाहरण घेऊ. अधिक २ आणि वजा ३ मायक्रोकूलॉम हे बिंदुप्रभार हवेत ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत. ९ अब्ज (सूत्रातला स्थिरांक) गुणिले दोन्ही प्रभारांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग, बल ०.६ न्यूटन, आकर्षणाचे. ३० सेंटिमीटरचे ०.३ मीटर करायचे राहिले, तर उत्तर १० हजार पटींनी लहान येते. वर्गामुळे १०० ची चूक १०,००० ची होते, हे सहज लक्षात येत नाही. ‘मायक्रो’ (दशलक्षांश) विसरणारेही असतात, पण त्यांचे उत्तर इतके अवाढव्य येते की ते स्वतःच दचकतात.

खरी मेख चिन्हात आहे. वरच्याच प्रभारांच्या मध्यबिंदूवर पहिल्याचे क्षेत्र ८ लाख न्यूटन प्रति कूलॉम, दुसऱ्याचे १२ लाख. दोन्हींची दिशा ऋण प्रभाराकडे, म्हणून बेरीज २० लाख. सूत्रात वजा चिन्ह घालून नुसती बेरीज करणाऱ्याला वजा ४ लाख मिळतात. क्षेत्र सदिश आहे, म्हणजे त्याला परिमाणाबरोबर दिशाही असते. आधी फक्त परिमाण काढावे, मग आकृतीत बाण काढून दिशा ठरवावी. विभव मात्र अदिश, म्हणजे दिशा नसलेले. तिथे चिन्ह घालायलाच हवे आणि भाजक अंतर असते, अंतराचा वर्ग नव्हे. त्याच मध्यबिंदूवर विभव वजा ६० हजार व्होल्ट येते.

९ अब्ज हा स्थिरांक निर्वातासाठी आहे. हवेत फरक नगण्य, पण पाण्यात तेच बल सुमारे ८० पटींनी कमी होते. प्रभारित धातूचे गोळे अगदी जवळ असतील, तर त्यांच्यावरचा प्रभार सरकतो आणि बिंदुप्रभाराचे सूत्र केंद्रांमधले अंतर घेऊनही अचूक उत्तर देत नाही.

चौकटीत जागा कमी पडत असेल, तर एखादे सूत्र गाळावे. पण दोन प्रभारांना दोन वेगळी अक्षरे द्यावीत आणि प्रत्येक सूत्रापुढे ‘सदिश’ किंवा ‘अदिश’ एवढा एक शब्द छापावा.

आपला,
एक भौतिकशास्त्र शिक्षक