मूल रात्री दचकते तेव्हा घराने काय करावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्तमानपत्रात गेल्या महिन्यात एका आईचे छोटेसे पत्र आले होते. तिचा चार वर्षांचा मुलगा झोपल्यानंतर दीड-दोन तासांनी किंचाळत उठून बसतो, डोळे सताड उघडे असूनही आईला ओळखत नाही, जवळ घेऊ गेले तर ढकलून देतो आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. हे काय असावे आणि यावर काही धार्मिक उपाय आहे का, असे तिने विचारले होते. त्याच अंकात आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींत, बाधा आणि करणी यांच्या जोडीला लहान मुलांचे रात्रीचे रडणेही खात्रीने बंद करून देणाऱ्या कुणा जाणकाराची चौकट होती. त्या माउलीने आधी कोणते पान उलटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण सहा वर्षांपूर्वी आमच्या घरी हाच प्रसंग आला तेव्हा मी, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईने, चुकीचे पान उलटले होते.

माझा नातू तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. रात्रीचे साडेदहा वाजले असतील, मी ओट्यापाशी विरजण लावत होते आणि आतल्या खोलीतून अशी किंकाळी आली की हातातली वाटी खाली पडली. नातू पलंगावर भिंतीला पाठ लावून उभा होता, अंगातला सदरा घामाने भिजलेला, छातीवर हात ठेवला तर काळीज फडफडताना हाताला कळत होते, आणि तो माझ्याकडे न पाहता माझ्या खांद्यामागे कुठेतरी पाहत होता. सात-आठ मिनिटे आम्ही तिघांनी त्याला हलवले, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारले. त्याने तो जास्तच बिथरला. मग कुणी कळ फिरवावी तसा तो एकदम शांत झाला, आडवा झाला आणि घोरू लागला. सकाळी दुधात बिस्किट बुडवता बुडवता त्याने मला विचारले, ‘आजी, तुझे डोळे लाल का झालेत?’

डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. आपल्याकडे ‘मूल दचकते’ असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि याच शब्दात वाईट स्वप्न, भीती, ताप असे सगळेच येत असल्यामुळे घोटाळा होतो. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे, स्वप्नांच्या झोपेत पडते. मूल त्यातून पुरते जागे होते, आईला बिलगते, काय दिसले ते सांगते आणि पुन्हा झोपायला घाबरते. नाइट टेररचे याच्या अगदी उलट असते. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात, झोप सर्वांत गाढ असताना, मेंदू त्या गाढ अवस्थेतून वरच्या अवस्थेत येऊ पाहतो आणि मध्येच अडकतो. शरीर जागे होते, पण जाणीव झोपलेलीच राहते. माँट्रियलच्या रॉजर ब्रॉटन यांनी १९६८ मध्येच झोपेत चालण्याबरोबर याचीही गणना अर्धवट जागे होण्याच्या विकारांत केली होती. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचे तर जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्थांपैकी हे स्वप्नातले नव्हे, सुषुप्तीतले आहे. मुलाला बहुतेक वेळा काही दिसत नसते. म्हणूनच ‘काय दिसलं रे?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते, आणि आपण तो प्रश्न चार वेळा विचारला की मूल उत्तर तयार करू लागते.

हे किती सर्रास आढळते, हे मला फार उशिरा कळले. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या मुलांना वर्षानुवर्षे पाहणीत ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत पालकांनी ही लक्षणे सांगितली होती आणि तेराव्या वर्षापर्यंत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरले होते. घराण्यात झोपेत चालण्याची सवय असली तर याचा संभव वाढतो. माझा मुलगा लहानपणी झोपेत उठून अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन बसायचा, ही आमच्याकडे पाहुण्यांना सांगायची गंमत होती. त्याच गंमतीचा धागा नातवापर्यंत आला असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही.

आता धार्मिक उपायांविषयी. मी श्रद्धावान बाई आहे आणि ते लपवण्याचे मला कारण वाटत नाही. नातू दचकल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली, रात्री किंकाळी आल्याबरोबर अंगारा लावला, आणि पाच मिनिटांत तो शांत झाला. अंगाऱ्याचा गुण आला, असे मी सुनेला अभिमानाने सांगितले. पण हा प्रकार काहीही न करता काही मिनिटांत आपोआप ओसरतो, क्वचित जास्त वेळ चालतो, एवढेच खरे आहे. त्या वेळात तुम्ही अंगारा लावा, जप करा किंवा नुसते उभे राहा, शेवटी जे केले त्यालाच श्रेय मिळते. इथपर्यंत कुणाचे नुकसान झाले नव्हते. नुकसान पुढे झाले. शेजारणीच्या सांगण्यावरून मी एका जाणकाराला घरी बोलावले. आम्ही आदल्या रविवारी नदीवर गेलो होतो हे त्याने गप्पांत काढून घेतले आणि ‘याला पाण्यावरचं लागलंय, आसरांनी धरलंय,’ असा, म्हणजे पाण्यातल्या बायांनी झपाटल्याचा, निवाडा मुलाच्या देखत दिला. मग निखाऱ्यावर मिरच्या टाकून धुरी दिली. मूल खोकून खोकून निळेजांभळे झाले, सुनेने त्याला उचलून बाहेर नेले आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्यानंतर जवळजवळ तीन महिने नातू न्हाणीघरात एकटा जाईना, कारण तिथे पाणी होते आणि पाण्यात बाई होती. रात्री जे भय त्याला आठवतसुद्धा नव्हते, त्याला दिवसाढवळ्या चेहरा आणि पत्ता आम्ही मिळवून दिला.

सटवाई बाळाला झोपेत हसवते नि रडवते, असे म्हणणाऱ्या आमच्या आज्या निर्दय नव्हत्या, आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्कंद, शकुनी, रेवती, पूतना असे नऊ बालग्रह वर्णन करणारे वैद्यही डोळस निरीक्षक होते. मूल अकारण दचकते, किंचाळते, ओळख देत नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्या काळी जे कारण सुचले ते नोंदवले. त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे, तिची आठवण मात्र कुणी करून देत नाही. बृहदारण्यक उपनिषदात, याज्ञवल्क्य आणि जनक यांच्या संवादात, झोपलेल्याला एकदम जागे करू नये असे लोक म्हणतात, असा उल्लेख आहे. त्यामागची त्यांची उपपत्ती वेगळी होती, पण आजचा बालरोगतज्ज्ञ नाइट टेररच्या वेळी नेमके हेच सांगतो: हलवू नका, पाणी मारू नका, घट्ट धरून ठेवू नका, खोलीत मंद दिवा ठेवा, मूल पलंगावरून पडणार नाही, गॅलरीकडे किंवा जिन्याकडे धावणार नाही एवढे पाहा आणि हलक्या आवाजात बोलत जवळ थांबा.

त्या हलक्या आवाजात काय बोलायचे, हा प्रश्न आला की मी रामरक्षा म्हणते. बुधकौशिक ऋषींना शंकराने ती स्वप्नात सांगितली आणि सकाळी उठून त्यांनी ती लिहिली, असे त्या स्तोत्रातच आहे, त्यामुळे झोपेशी तिचे नाते मला आवडते. आमच्या समोरच्या मुस्लिम कुटुंबातल्या आजी आयतुल कुर्सी म्हणून नातीवर फुंकर घालतात, आणि वसईकडची माझी ख्रिस्ती मैत्रीण मुलांच्या कपाळावर क्रूस काढून दिवा मालवते. यातले काहीही थांबवावे असे मला वाटत नाही. मात्र गाढ झोपेत अडकलेल्या मुलाच्या कानात त्या वेळी शब्द पोहोचत नसतात. ते स्तोत्र म्हणणाऱ्याचा हात थरथरायचा थांबतो, आणि घरातली तीन मोठी माणसे एकदम ओरडायची थांबतात, हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा उपयोग संध्याकाळचा आहे. रोज त्याच वेळी दिवा, शुभंकरोती, जेवण, रामरक्षा आणि अंथरूण, असा क्रम लागला की मूल वेळेवर झोपते, आणि वेळेवर झोपलेले मूल कमी दचकते.

हे मी पोथीतून नाही, कालनिर्णयच्या चौकोनांतून शिकले. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरून सुनेने दिनदर्शिकेवर ज्या रात्री नातू ओरडला त्या तारखेला फुली मारायला सुरुवात केली आणि खाली, दिवसभरात काय घडले, ते दोन शब्दांत लिहू लागली. अमावास्येला आणि पौर्णिमेला फुल्या असणारच, अशी माझी खात्री होती. दोन महिन्यांत अमावास्येच्या चौकोनात एकही फुली पडली नाही. फुल्यांखाली लिहिलेले होते ते असे: ‘दुपारी झोपला नाही’, ‘ताप’, ‘लग्नाहून रात्री उशिरा आलो’, ‘शाळेचा पहिला आठवडा’. झोप अपुरी पडली की पुढच्या रात्री मेंदू गाढ झोपेची भरपाई करू पाहतो आणि तिथेच अडखळण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. आमच्याकडे, मुलगा आणि सून कामावरून परतेपर्यंत त्याला जागे ठेवण्याच्या हौसेपायी, ती जेमतेम नऊ तास होत होती.

फुल्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. किंकाळीची वेळ जवळजवळ ठरलेली होती, साडेदहाच्या आगेमागे. अशा वेळी त्या घटकेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी मुलाला हळूच, जेमतेम डोळे उघडेल इतकेच जागे करून पुन्हा झोपू द्यावे, असा उपाय लंडनचे डॉक्टर ब्रायन लास्क यांनी १९८८ मध्ये एकोणीस मुलांवरच्या अनुभवातून मांडला होता, आणि काही आठवडे तो करून पाहायला आजही सांगितले जाते. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मला हसू आले, कारण आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसे अंथरुणावर पडण्याआधी सगळ्या पोरांना अर्धवट झोपेत परसदारी शू करायला नेत असत. भरलेले मूत्राशयही झोप चाळवते, तेव्हा त्या एका फेरीत दोन कामे होत असावीत. आम्ही सव्वादहाला नातवाला असे नेऊ लागलो आणि महिन्याभरात फुल्या विरळ झाल्या. अर्थात वयानुसार त्या तशाही विरळ झाल्याच असत्या. अंगाऱ्याच्या बाबतीत जो नियम लावला तो इथेही लावलाच पाहिजे.

सगळीच प्रकरणे इतकी निरुपद्रवी नसतात. मूल एकाच रात्री अनेकदा दचकत असेल, दर वेळी तंतोतंत तेच हातवारे करत असेल, हातपाय ताठ होत असतील किंवा दिवसाही असे काही होत असेल, तर ती फीट असू शकते आणि डॉक्टरांना दाखवण्यात एक दिवसही घालवू नये. मूल नेहमी घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या असू शकतात. त्यांच्या उपचाराने दचकणेही थांबल्याची उदाहरणे आहेत. दवाखान्यात सांगायला शब्द अपुरे पडतात, म्हणून प्रसंगाचे चित्रीकरण मोबाइलवर करून न्यावे. ते मुलाला मात्र दाखवू नये, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये.

शाळांचा यात वाटा आहे, हे शिक्षिका म्हणून सांगणे मला भाग आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, मुलांच्या अपुऱ्या झोपेचेच कारण देऊन घेतला. तरीही सकाळी साडेसहाला पेंगणारी मुले घेऊन जाणारी व्हॅन मला आमच्या गल्लीत रोज दिसते.

शेवटी ती जाहिरात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, चटके देणे यांच्याबरोबर मिरचीची धुरी देणेही स्पष्टपणे लिहिलेले आहे, त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि अशा प्रथांचा प्रचार करणेही त्याच कायद्याने मना आहे. पूजा, भजन, नामस्मरण यांना तो कायदा हात लावत नाही. आमच्या घरी धुरी दिली गेली तेव्हा हे मला माहीत नव्हते. माहीत असते तरी त्या रात्रीच्या घाबरगुंडीत मी थांबले असते का, हे सांगता येत नाही. घाबरलेले घर समोर दिसेल तो फोन नंबर फिरवते. तो नंबर आपल्या पानावर नसावा, आणि त्या आईच्या पत्राला एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून उत्तर लिहून घेऊन ते त्याच जागी, त्याच आकाराच्या चौकटीत छापावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा
(नातू आता चौथीत आहे आणि वर्तमानपत्र वाचतो, म्हणून कृपया नाव छापू नये.)